लाखांनी जन्मायचं, दोनांनी उरायचं

एखाद्या जातीची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे. एका जोडीने आयुष्यभरात कितीही अंडी घातली, तरी त्यातली सरासरी दोनच पुन्हा अंडी घालायच्या वयाला पोचतात. बाकीची कुणाच्या तरी पोटात जातात, रोगाने मरतात, वाळतात, वाहून जातात. ताडोबातल्या वाघिणीचा हिशेब मनात मांडता येतो, कारण तिचे बछडे बोटांवर मोजण्याइतके असतात. पण जूनच्या मध्याला चंद्रपूर-गडचिरोलीवर पहिला दमदार पाऊस पडला, की जमिनीतून आणि पाण्यातून जे काही बाहेर पडतं, त्याची वजाबाकी डोकं गरगरवणारी आहे.

सुरुवात वाळवीपासून करू, कारण पावसाची वर्दी पहिल्यांदा तीच देते. संध्याकाळी वारुळाला बारीक भोकं पडतात आणि पंख फुटलेली वाळवी हजारोंनी वर येते. काही मिनिटांचं उडणं, मग पंख गाळून जोडीने जमीन शोधणं. बेडूक, पाली, कोतवाल पक्षी, अस्वल, सगळ्यांची तिच्यावर नजर असते. तलावाच्या काठाला वारूळ असेल, तर पाण्यावर पडलेली वाळवी मासे वरच्यावर टिपतात. या लोंढ्यातून एखादीच जोडी नवं वारूळ वसवते. पण वसलं, तर राणी वर्षानुवर्षं जगते. वारूळ बांधणाऱ्या काही जातींत ती भरात असताना दिवसाला तीस हजारांच्या आसपास अंडी घालते, म्हणजे तीन सेकंदांना एक, रात्रंदिवस. हाच वेग पंधरा वर्षं टिकला असं धरलं, तर एका राणीची अंडी सोळा कोटींवर जातात. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी होती.

पाण्यातून एकाच वेळी किडे उडण्याचा अभ्यास सगळ्यात बारकाईने केला तो थंड नद्यांवर ट्राउट धरणाऱ्यांनी. कोणत्या आठवड्यात कोणता किडा पाण्यातून वर येतो याचं पंचांगच त्यांच्याकडे असतं, आणि त्या किड्यासारखी दिसणारी पिसं गळाला बांधून ते मासा फसवतात. त्याचं आवडतं खाद्य म्हणजे मेफ्लाय हा किडा. तो पिल्लूपणी पाण्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त काढतो आणि पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगतो. अमेरिकेतल्या एका जातीच्या मादीला पंखांचं आयुष्य पाच मिनिटांहूनही कमी मिळतं. तिथल्या मिसिसिपी नदीवर आणि ईरी सरोवरावर हे किडे उठले की हवामान खात्याच्या रडारवर ढगासारखे दिसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या रडारवरूनच त्यांची मोजदाद केली. एका वेळच्या उठावात ८,७९० कोटी किडे, वजन तीन हजार टनांवर, आणि हे सगळं काही तासांत. त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: त्याआधीच्या काही वर्षांतच ही पैदास निम्म्याहून खाली आली.

आपल्याकडे पावसाचं पाणी चढलं की माशांची पैदास सुरू होते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. या नद्या गढूळ होऊन काठाबाहेर पडतात, तेव्हा रोहू, कटला, मृगळ ही मंडळी उथळ पुराच्या पाण्यात अंडी सोडतात. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. दोन किलोची मादी म्हणजे चार लाख. पंधरा-वीस तासांत अंडी फुटतात आणि जेमतेम पाच मिलिमीटरची पिल्लं बाहेर येतात. एका मादीची सगळी पिल्लं एकामागे एक लावली तर रांग दोन किलोमीटर होईल. त्या रांगेतून दोन मासे मोठे झाले, तरी नदीचा हिशेब चुकता झाला.

हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पूर्व विदर्भात सहा हजारांवर मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पण त्यांत रोहू-कटला हवा तर बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आज बोटुकली तलावात सोडली जाते ती त्या प्रयोगाच्या पुण्याईने. बोटभर झालेला मासा निम्मी लढाई जिंकलेला असतो.

ही बोटुकली वाढवून, मासे धरून जगणारा ढिवर समाज. त्याच समाजातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या टसर रेशीमही पिकवतात, हे विदर्भाबाहेर फारसं ठाऊक नसतं. आरमोरीचा परिसर त्यासाठी ओळखला जातो, आणि विदर्भाची करवती साडी याच कोशाच्या सुताची. एकाच माणसाचं पोट अशा दोन कामांवर चालतं: पाण्यात खूप अंडी फुटावीत अशी वाट पाहायची, आणि जंगलात अंड्यांतून निघालेल्या अळ्या कुणी खाऊ नयेत म्हणून झाडाखाली उभं राहायचं.

टसरचा पतंग जूनमध्ये पावसाची चाहूल लागली की कोषातून बाहेर येतो. त्याआधी हिवाळ्यापासून सगळा उन्हाळा तो आत कोशितावस्थेत निपचित पडून असतो, अन्न नाही, पाणी नाही. बाहेर आलेल्या पतंगाला खाणारं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो, तेवढ्यात जोडी जमवायची आणि मादीने दोनशेच्या आसपास अंडी घालायची. अंड्यातून निघालेली अळी सात-आठ मिलिग्रॅमची असते. येन किंवा अर्जुनाचा पाला खात, चार वेळा कात टाकत ती तीस-चाळीस ग्रॅमवर जाते, म्हणजे महिना-दीड महिन्यात चार-पाच हजारपट. तीन किलोचं माणसाचं मूल या वेगाने वाढलं, तर दीड महिन्यात कमलापूरच्या कॅम्पमधल्या तीन-चार हत्तींइतकं भरेल. अळी एवढा पाला खाते तो लाळेच्या एका धाग्यासाठी. एका कोशातून अर्धा ते एक किलोमीटर धागा निघतो. सरासरी सातशे मीटर धरला, तर हजार कोशांचा धागा सातशे किलोमीटर, समृद्धी महामार्गाच्या नागपूर-मुंबई लांबीएवढा. एवढं करून त्याचं वजन किलोभरही भरत नाही. किलोला हजार-बाराशे कोष लागतात.

तुतीची रेशीमअळी घरात, ताटात वाढते. टसरची उघड्यावर, झाडावरच. म्हणून मुंग्या, गांधीलमाशा, रस चोखणारे ढेकूण, प्रार्थनाकीटक, पक्षी, सरडे, अळीच्या अंगावर अंडं घालणारी उझी माशी, सगळे तिच्यावर टपलेले. ढिवर कुटुंबं या दिवसांत जंगलातच मुक्काम करतात. पहाटेपासून गुलेर-गोफण घेऊन पक्षी हाकायचे, झाडाच्या बुंध्याशी मुंग्या अडवायच्या, पाला संपला की अळ्यांसकट फांद्या तोडून दुसऱ्या झाडावर चढवायच्या. रोग मात्र गोफणीने हाकलता येत नाही. त्यासाठी अंडी घातल्यावर प्रत्येक मादी चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही रीत लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात फ्रान्समधल्या रेशीमकिड्यांसाठी बसवली. निर्दोष मादीची अंडी तेवढी रोगमुक्त अंडीपुंज म्हणून शेतकऱ्याला मिळतात.

आता हिशेब पाहा. शंभर अंडीपुंज म्हणजे सुमारे वीस हजार अंडी. जोडीमागे दोन या जंगलाच्या नेमाने त्यातली दोनशे तगायची. राखण चांगली झाली, तर दर पुंजामागे चाळीस-पन्नास कोष हाती येतात, म्हणजे शंभराला साडेचार हजार. जंगलाचे दोनशे वजा केले, तर उरलेले चार हजार तीनशे कोष माणसाच्या राखणीचे आहेत. सुतात मोजले तर जेमतेम चार किलो. टसरच्या साडीची किंमत सांगताना विणकराच्या बोटांचं कौतुक होतं ते योग्यच आहे, पण झाडाखाली महिनाभर जागलेल्या त्या कुटुंबाचं नाव त्या किमतीत कुठे येतं?

सगळे कोष सुतासाठी देता येत नाहीत, पुढच्या बियाण्यासाठीही ठेवावे लागतात. पुन्हा शंभर अंडीपुंज हवेत, तर किमान शंभर माद्या आणि तेवढेच नर, म्हणजे नेमके दोनशे कोष पुरायला हवेत. प्रत्यक्षात पुरत नाहीत. काही मे महिन्याच्या उन्हात आतच मरतात, काही नर माद्यांच्या कितीतरी आधी बाहेर पडतात, काही माद्या सूक्ष्मदर्शकाखाली नापास होतात. म्हणून बियाण्याची रास दोनशेच्या कितीतरी पुढे ठेवावी लागते, आणि तितकं सूत त्या वर्षी कमी निघतं.