स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र : उणिवा व दक्षता

आपल्या पश्चात घरात तंटा राहू नये, या सद्हेतूने अनेक वृद्ध ग्रामस्थ वहीच्या पानावर स्वतः मृत्युपत्र लिहून ठेवतात. हस्ताक्षर आपलेच असल्याने शंकेस जागा उरणार नाही, असा त्यांचा समज असतो. तो बरोबर नाही.

हिंदू, ख्रिस्ती, पारशी आदी समाजांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान २ साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, अथवा ती आपलीच असल्याचे मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला सांगितलेले असावे. स्वहस्ताक्षरामुळे या अटीतून सूट मिळत नाही. साक्षीदारच नसतील, तर मालमत्ता वारसा कायद्याप्रमाणे वारसांकडे जाते. मुले परगावी असताना अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या पुतण्यास देऊ केलेले शेत त्याला मिळत नाही.

संदिग्ध मजकूर ही दुसरी उणीव. ‘विहिरीजवळचे शेत’ असे लिहून भागत नाही. गट क्रमांक व क्षेत्र नमूद करावे. मागाहून केलेल्या खाडाखोडीजवळही सही व साक्षांकन हवे. ज्याला लाभ मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. त्यामुळे संशय बळावतो.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. तीस कालमर्यादा नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. तथापि, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केल्यास कागद गहाळ होण्याचे वा बदलला जाण्याचे भय उरत नाही. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती ग्रामस्थांना वेळीच द्यावी. कारण मृत्युपत्रातील चूक उघडकीस येते, तेव्हा ती सुधारणारा हयात नसतो.