कार्ड नवं, मीटर जुनाच

एनव्हिडियाचं २०२१ मधलं आरटीएक्स ३०६० कार्ड भर कामात १७० वॅटपर्यंत वीज घेतं. २०२३ मध्ये आलेलं ४०६० बहुतेक गेममध्ये त्याहून वेगवान, तरी ११५ वॅटवर भागवतं. फरक ५५ वॅटचा. रोज चार तास खेळणाऱ्याचे वर्षाला साधारण ८० युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले तर ८०० रुपये. नुसत्या वीजबिलासाठी चालतं कार्ड बदलणं हा आतबट्ट्याचाच व्यवहार. कमी वॅटचा खरा फायदा वेगळा: पंख्यांची घरघर कमी, मे महिन्यात खोली कमी तापते आणि बऱ्याचदा जुन्याच पॉवर सप्लायवर काम भागतं. तो बदलावा लागला, तर तेवढे पैसे कार्डाच्याच किमतीत धरा. (दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.)

एक मेख मात्र आहे. ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी होती. ४०६० मध्ये ८ जीबीच. भारी टेक्श्चरचे नवे गेम खेळणाऱ्याला ही काटकसर बोचते. शिवाय ४०६० पीसीआय एक्स्प्रेसच्या आठच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या ३.० मदरबोर्डवर त्याचा वेग काही गेममध्ये थोडा घटतो.