मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि स्मृती

कोलकाता शहरात २००३ ते २००५ या काळात ५२,३७७ रहिवाशांची घरोघर जाऊन पाहणी झाली. पक्षाघाताचा झटका किती जणांस येतो, हे पाहावयाचे होते. झटका आलेल्यांपैकी शेकडा ४१ जण महिन्याच्या आत दगावले. अशा झटक्यातून जो वाचतो, त्याच्या हातापायांकडे घरच्यांचे लक्ष असते. स्मृतीकडे मात्र ते क्वचितच जाते.

आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके. परंतु शरीर वापरते त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. तो पोचविणाऱ्या रक्तवाहिन्या टाकाऊ द्रव्ये बाहेर नेण्यासही साहाय्य करतात. अमायलॉइड नावाचे चिवट प्रथिन त्यांपैकीच एक. अल्झायमरच्या रोगात, म्हणजे ज्याला आपण पुष्कळदा ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतो त्या विस्मृतीच्या विकारात, हे प्रथिन मेंदूत साचते. वाढत्या रक्तदाबाने वा मधुमेहाने वाहिन्या ताठरल्या, की त्याचा निचरा मंदावतो. मग ते वाहिन्यांच्याच भिंतींत बसून त्यांस अधिक दुबळ्या करते. असे हे दुष्टचक्र आहे. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी वर्णिलेल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतही मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या.

रक्तवाहिन्या हे या रोगाचे एकमेव कारण नव्हे. परंतु वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. रक्तदाब पुष्कळसा आहे. म्हणून श्रोतेहो, चाळिशीत तो नियमाने तपासून घेणे, ही सत्तरीतील स्मृतीची तजवीज समजावी.