ऊस, बियाणे आणि संसदेची संमती

परकीय राष्ट्रांशी केलेला करार नागरिकांच्या जगण्यात एखाद्या कायद्याइतकाच खोलवर पोहोचतो. मात्र भारतात कायद्याला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि कराराला ती लागत नाही. या फरकाचे दोन वेगवेगळे परिणाम अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात शेजारीशेजारी दिसतात. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठचा ऊस जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात गुंतलेला आहे, तर सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्याच्या गावरान बियाण्याचा संबंध त्याच संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराशी येतो. उसाच्या बाबतीत करार पक्का होण्यापूर्वी संसदेला निर्णायक अधिकार नव्हता. बियाण्याच्या बाबतीत करारानंतर का होईना, कायदा करणे भाग पडले आणि संसदीय समितीला त्या कायद्याचा मसुदा शेतकऱ्याच्या दृष्टीने तपासता आला. छाननी झाली तर काय हाती लागते आणि ती राहून गेली तर काय गमावले जाते, हे या दोन पिकांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्ये यांच्यातील विषयांची वाटणी आहे. परकीय देशांशी तह आणि करार करणे व ते अमलात आणणे हा विषय संघसूचीच्या १४ व्या नोंदीत येतो, आणि योगायोग असा की राज्यसूचीची १४ वी नोंद शेतीची आहे. अनुच्छेद ७३ नुसार ज्या विषयांवर संसदेला कायदा करता येतो, त्या विषयांत केंद्र सरकारला कार्यकारी अधिकार वापरता येतो. म्हणून संसदेने वेगळा कायदा केलेला नसतानाही मंत्रिमंडळ करारावर सही करू शकते आणि त्याचे अनुसमर्थन करू शकते. सही म्हणजे कराराचा मजकूर मान्य असल्याची खूण, तर अनुसमर्थन म्हणजे तो करार देशावर बंधनकारक आहे याची औपचारिक कबुली. अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोनतृतीयांश बहुमताची संमती लागते. भारतात मात्र या दोन्ही पायऱ्या सरकार एकट्याने चढू शकते.

करारासाठी देशातील कायदा बदलावा लागणार असेल, तेव्हा संसद चित्रात येते. अनुच्छेद २५३ ने संसदेला आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही विषयावर, अगदी राज्यसूचीतील विषयावरही, संपूर्ण देशासाठी कायदा करण्याची मुभा दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या बेरुबारी प्रकरणात देशाचा भूभाग दुसऱ्या राष्ट्राला देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक ठरवली, आणि कच्छच्या रणासंबंधीच्या मगनभाई पटेल खटल्यात १९६९ मध्ये असे स्पष्ट केले की, करारामुळे नागरिकांच्या हक्कांवर मर्यादा येत असेल किंवा प्रचलित कायदा बदलत असेल, तरच कायद्याची गरज भासते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्या करारामुळे शब्दशः कोणताही कायदा बदलत नाही, पण सरकारला भविष्यात कोणते धोरण आखता येईल याच्या सीमा ठरून जातात, तो करार संसदेच्या मतदानाविना पक्का होऊ शकतो. शेतीविषयक करारांची मोठी अडचण नेमकी इथे आहे.

डंकेल मसुद्याचा धडा

डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपूर्वीच्या ‘गॅट’ या व्यापार-करार व्यवस्थेचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींचा एकत्रित मसुदा पुढे ठेवला आणि शेती, पेटंट, सेवा यांसारखे विषय प्रथमच एका व्यापक व्यापार कराराच्या चौकटीत आले. महाराष्ट्रात या मसुद्यावर जोरदार वाद झडला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी खुल्या बाजारपेठेच्या भूमिकेतून त्याचे समर्थन केले, तर डाव्या पक्षांनी आणि देशातील इतर अनेक शेतकरी चळवळींनी त्याला विरोध केला. संसदेतही चर्चा झाल्या. १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्यांची नवी व्यवस्था सुरू झाली होती; त्यांपैकी वाणिज्यविषयक समितीने इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखाली या मसुद्याचा अभ्यास करून अहवाल दिला. स्थायी समितीच्या शिफारशी मात्र सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात, त्या सरकारवर बंधनकारक नसतात. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सदस्य ठरला, परंतु या संपूर्ण करारसमूहाला मान्यता द्यावी की नाही, यावर संसदेत निर्णायक मतदान घेण्याचे घटनात्मक बंधन सरकारवर नव्हते.

उसाचा दर आणि जिनिव्हातील निवाडा

या करारसमूहातील कृषी कराराने विकसनशील देशांसाठी एक मर्यादा घातली. एखाद्या पिकाला दिलेले, व्यापारावर परिणाम करणारे सरकारी साहाय्य त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, असा तो नियम आहे. साहाय्य मोजताना सरकारने ठरवलेला दर आणि १९८६ ते १९८८ या काळातील स्थिर संदर्भ किंमत यांतील तफावत विचारात घेतली जाते. १९९४ मध्ये हे सूत्र केवळ तांत्रिक परिशिष्टातील एक तरतूद वाटले असेल. पुढे महागाईबरोबर दर वाढत गेले, संदर्भ किंमत मात्र जागच्या जागी राहिली, आणि त्याच सूत्राचे गंभीर परिणाम दिसू लागले.

अहिल्यानगर जिल्ह्याला या सूत्राची झळ थेट लागते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने लोणी येथे उभारलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास गाळपाला लागला, त्यातून सहकारी साखर कारखानदारीचा नमुना घडला आणि पुढे कोपरगाव, संगमनेर, नेवासे, श्रीगोंदे, अकोले अशा तालुक्यांत कारखाने उभे राहिले. या कारखान्यांच्या सभासदांना उसाला मिळणारा किमान दर केंद्र सरकार ठरवते. २००९ पर्यंत तो ‘किमान वैधानिक दर’ होता. त्या वर्षी त्याच्या जागी ‘रास्त आणि किफायतशीर दर’ म्हणजेच एफआरपी आली. हा बदल प्रथम अध्यादेशाने करण्यात आला. केंद्राच्या दराहून अधिक दर देणाऱ्या राज्याने फरकाचा बोजा स्वतः उचलावा, अशी तरतूद त्याबरोबरच आणण्यात आली. नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्लीत ऊस उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, संसदेचे कामकाज रोखले गेले आणि सरकारला ती तरतूद मागे घ्यावी लागली. देशांतर्गत धोरण संसदेच्या कक्षेत असल्यामुळे ते बदलता आले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ती सोय उरली नव्हती. २०१९ च्या सुरुवातीला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस आणि साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १४ डिसेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात तंटा निवारण पथकाने २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने उसाला दिलेले साहाय्य १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेल्याचे ठरवले आणि साखर निर्यातीशी निगडित अनुदानेही कराराशी विसंगत असल्याचा निष्कर्ष काढला. एफआरपी कारखाने देतात, सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही, हा भारताचा महत्त्वाचा युक्तिवाद होता. पण सरकारने दर सक्तीचा केला एवढे पुरेसे आहे, प्रत्यक्ष पैसा कोण देतो हे गौण आहे, अशी भूमिका पथकाने घेतली. भारताने डिसेंबर २०२१ मध्येच अपील दाखल केले. अपील मंडळावरील नियुक्त्या रखडल्यामुळे ते डिसेंबर २०१९ पासूनच काम करू शकत नव्हते, म्हणून हा निवाडा अंतिम झाला नाही आणि एफआरपीची व्यवस्था टिकून राहिली. हा दिलासा दुसऱ्या एका संस्थेच्या ठप्प होण्यातून मिळालेला आहे. कराराच्या मजकुरातील अडचण जशीच्या तशी आहे. संदर्भ किंमत गोठवल्यास २५ वर्षांनी काय होईल आणि कारखान्याने दिलेला दर सरकारी साहाय्य मानला जाईल का, हे प्रश्न अनुसमर्थनापूर्वी विचारले जावेत आणि सरकारने त्यांना लेखी उत्तरे द्यावीत, अशी सक्ती करणारी यंत्रणा १९९४ मध्ये असती, तर सवलतींसाठी घासाघीस करताना भारतीय प्रतिनिधींच्या पाठीशी संसदेचे बळ राहिले असते.

बियाण्याच्या कायद्यात संसदेने काय केले?

बौद्धिक संपदा कराराच्या कलम २७.३(ब) नुसार प्रत्येक सदस्य देशाने वनस्पतींच्या वाणांना पेटंटने, देशाने स्वतः घडवलेल्या परिणामकारक कायद्याने किंवा दोन्ही मार्गांनी संरक्षण देणे आवश्यक आहे. भारताने स्वतंत्र कायद्याचा मार्ग निवडला. १९९९ च्या अखेरीस लोकसभेत मांडलेले विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीकडे, सोपवण्यात आले. समितीने मसुदा बारकाईने तपासून २००० मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्यांच्या हक्कांना कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले ते या छाननीचे मोठे फलित होय. २००१ मध्ये संमत झालेल्या ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियमा’च्या कलम ३९ ने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, इतरांना देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला, फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. बियाण्याने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही तर भरपाई मागण्याची तरतूद त्यात आहे, आणि अजाणतेपणी झालेल्या उल्लंघनासाठी शेतकऱ्याला संरक्षणही आहे. युपोव्ह या वनस्पती वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९१ च्या करारनाम्यात पैदासकाराला, म्हणजे नवे वाण विकसित करणाऱ्याला, झुकते माप आहे. भारताने त्याची नक्कल न करता एकाच कायद्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या पैदासकार संस्था आणि बियाणे जपणारे शेतकरी या दोघांनाही स्थान दिले.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, नागली आणि भाजीपाल्याच्या अनेक गावरान वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या महिलांनी राखलेले बियाणे गावोगाव वाटले जाते, तेव्हा ती परंपरा कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित आहे, कारण संसदेने ती हक्क म्हणून लिहून ठेवली आहे. २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम ३९ पुढे करण्यात आले आणि मोठ्या विरोधानंतर कंपनीने ते दावे मागे घेतले.

अधिसूचनेनंतरची चर्चा

करारांप्रमाणेच रोजच्या व्यापार धोरणातही संसद बहुधा मागाहून येते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागू झाले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. घोडेगाव आणि राहुरीच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याच्या हंगामाचा निकाल अशा अधिसूचनांनी लागतो. त्या संसदेच्या कायद्यांनी दिलेल्या अधिकारांतूनच निघतात आणि सभागृहांपुढे ठेवल्या जातात. मात्र चर्चेची वेळ येईपर्यंत नाशवंत माल विकला गेलेला असतो किंवा सडलेला असतो.

कोणती दुरुस्ती हवी?

ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार अनुसमर्थनापूर्वी संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो आणि हाउस ऑफ कॉमन्सला त्यावर आक्षेप घेऊन अनुसमर्थन रोखून धरता येते. ऑस्ट्रेलियात १९९६ पासून संसदेची करारविषयक संयुक्त स्थायी समिती काम करते आणि सरकार तिच्यापुढे प्रत्येक कराराचे राष्ट्रहिताच्या दृष्टीने केलेले विश्लेषण मांडते. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या बाबतीत भारतातील पद्धतीशी असलेला फरक ठळक होतो: एकच मजकूर लंडनमध्ये अनुसमर्थनापूर्वी लोकप्रतिनिधींच्या टेबलावर ठेवणे कायद्याने आवश्यक आहे, दिल्लीत तसा कायदा नाही.

भारतातही हा विचार नवा नाही. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनरावलोकन आयोगाने २००१ मध्ये करारविषयक अधिकारावर स्वतंत्र चर्चापत्र काढले आणि २००२ च्या अहवालात राज्यसूचीतील विषयांना गंभीरपणे स्पर्श करणाऱ्या करारांपूर्वी आंतरराज्य परिषदेशी सल्लामसलत करण्याचा विचार सुचवला. केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगानेही २०१० मध्ये संघसूचीच्या १४ व्या नोंदीखाली करारप्रक्रियेचा कायदा करावा, अशी शिफारस केली. घटनेने हा अधिकार संसदेला आधीच दिलेला असल्यामुळे त्यासाठी घटनादुरुस्तीही लागणार नाही.

वाटाघाटी गुप्तपणे आणि वेगाने कराव्या लागतात, हा सरकारचा मुद्दा रास्त आहे, आणि ५००हून अधिक सदस्यांच्या सभागृहाने दरपत्रकाच्या प्रत्येक ओळीवर खल करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. सही आणि अनुसमर्थन यांच्यामधला काळ मात्र छाननीसाठी मोकळा असतो. त्या काळात कराराचा मजकूर आणि शेती, रोजगार व राज्यांच्या महसुलावरील परिणामांचे लेखी टिपण संसदेपुढे ठेवणे, स्थायी समितीने ठरलेल्या मुदतीत शेतकरी संस्था, कृषी विद्यापीठे आणि राज्य सरकारांच्या साक्षी घेणे, आणि समितीचा आक्षेप नाकारायचा असल्यास सरकारने त्याची कारणे सभागृहात सांगणे, एवढ्या तीन तरतुदी कायद्यात आल्या तरी मोठा बदल घडेल. कराराचे समर्थक आणि विरोधक या दोघांनाही त्याचा लाभ होईल, कारण डंकेल मसुद्याच्या वेळी जाहीर सभांतून मांडले गेलेले युक्तिवाद अधिकृत नोंदीसह आणि उत्तरांच्या जबाबदारीसह तपासले जातील. २००१ च्या बियाणे कायद्याने संसदेची ही क्षमता सिद्ध केली आहे. उसाच्या तंट्याने तिच्या अनुपस्थितीची किंमत दाखवली आहे. जिल्ह्यातील अहमदनगर आणि शिर्डी या दोन्ही लोकसभा मतदारसंघांच्या मतदारांनी आपल्या खासदारांकडे कारखान्याच्या दराबरोबरच करारछाननीच्या कायद्याचीही मागणी लावून धरली पाहिजे, कारण पुढील करारांत ऊस, कांदा आणि दूध यांच्या धोरणाच्या सीमा आखल्या जातील, आणि त्या आखण्यापूर्वी प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदारांनी संसदेला मिळवून द्यायला हवा.