लाल औषधाचा हिशेब

कोपरीच्या बाजूने ठाणे स्थानकात शिरून पहाटेची धीमी लोकल गाठणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीत, जेवणाच्या डब्यांच्या आणि छत्र्यांच्या मधोमध, छातीशी धरलेली एखादी फुगीर प्लास्टिकची पिशवी दिसली, की तिचा मालक परळच्या टाटा रुग्णालयात निघाला आहे, हे नित्याच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत असलेल्या या संस्थेची कीर्ती कर्करोगाच्या उपचारांची. परंतु त्या पिशवीतल्या फाइलीत बारीक गुलाबी चौकटींच्या कागदावरचा ईसीजी आणि टू-डी एकोचा अहवालही पुष्कळदा असतो, आणि ‘गाठ काखेत, मग छातीची पट्टी कशाला?’ हा नातलगांचा सवाल गैरवाजवी म्हणता येत नाही.

त्याचे उत्तर इटलीच्या मातीत सापडते. अपुलिया प्रांतातील कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातील किल्ल्याच्या परिसरातली माती फार्मितालिया कंपनीच्या संशोधकांनी तपासली, तेव्हा तीत तांबडाभडक रंग निर्माण करणारा एक सूक्ष्मजीव आढळला; त्यापासून १९६० च्या दशकात प्रथम डॉनोरुबिसिन आणि पुढे त्याचे भावंड डॉक्सोरुबिसिन निघाले. सिरिंजमध्ये हे औषध अगदी कोकम सरबतासारखे दिसते. ते घेतल्यावर लघवी तांबडी झाली म्हणून घाबरणारे पुष्कळ. तो केवळ रंग असतो. खरे भय डोळ्यांना दिसत नाही.

पेशीचे विभाजन होताना जनुकद्रव्याचा पीळ सोडवणारे एक विकर असते, त्यालाच हे औषध जखडून टाकते, आणि भराभर वाढणारी कर्कपेशी मरते. हृदयाच्या स्नायुपेशी तर जवळजवळ वाढतच नाहीत, मग त्यांना इजा का व्हावी? कारण त्याच विकराचा दुसरा प्रकार त्यांच्यात वास करतो. २०१२ साली ह्यूस्टनच्या एडवर्ड येह यांच्या चमूने ज्या उंदरांच्या हृदयपेशींतून हा प्रकार काढून टाकला, त्यांची हृदये औषधापासून बऱ्याच अंशी बचावली. आणि हृदयाची पेशी एकदा गेली की तिच्या जागी नवी भरती जवळजवळ होत नाही, त्यामुळे नुकसान साचत जाते.

या साचण्याचा जमाखर्च १९७९ साली डॅनियल व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० रोग्यांची दप्तरे चाळून मांडला: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध पोटात गेले, तर हृदय दुर्बळ होण्याची शक्यता ३ टक्के, ५५० झाले तर ७, आणि ७०० झाले तर १८ टक्के. पोटात म्हणायचे ते आपल्या बोलण्याच्या सवयीने. जाते ते शिरेतूनच. या आकड्यांतील ‘एकूण’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा, कारण ही बेरीज एका खेपेची नसून साऱ्या जन्माची आहे.

ठोक्याच्या लयीची गोष्ट निराळी. आपल्या वैद्यांच्या परिचयाचा सोमल चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात शुद्ध करून शिरेतून दिला, आणि एका विशिष्ट रक्तकर्करोगावर तो रामबाण ठरला. मात्र प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पुन्हा विद्युत्सज्ज होण्यास जो अवधी लागतो, तो हा सोमल लांबवतो. ईसीजीवर ‘क्यूटी’ म्हणून मोजला जाणारा हा अवधी ५०० मिलिसेकंदांपलीकडे, म्हणजे अर्ध्या सेकंदापलीकडे गेला, की ठोक्यांची शिस्त अकस्मात मोडून प्राणावर बेतू शकते. त्यात उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम वाहून गेले तर धोका वाढतो, आणि उलटी थांबवण्यासाठी दिलेले ऑन्डान्सेट्रॉनही तोच अवधी थोडासा वाढवते! म्हणून सोमलाची सलाईन लावण्यापूर्वी रक्तातले पोटॅशियम ४ च्या वर आणून ठेवण्याची तजवीज करतात, आणि परिचारिका विचारते, ‘काका, काल उलट्या किती झाल्या?’ तेव्हा संकोचाने आकडा कमी सांगू नये.

तीच गोष्ट पिशवीतल्या जुन्या कागदांची. दहा वर्षांनी रोग उलटला आणि उपचार कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या रुग्णालयात घ्यायचे ठरले, तरी नवा डॉक्टर आधी तो पिवळा पडलेला कागद मागतो, ज्यावर लाल औषधाचे मिलिग्रॅम तारीखवार लिहिलेले असतात.