सबक रोज ऐकला जातो, गणित कधी?

आमच्या घरात रोज दोन दप्तरे उघडतात. एक शाळेचे, दुसरे मकतबचे. मुलगी चौथीत आहे. प्रथम सत्राचे प्रगतिपुस्तक आले, गणितात अ-२ श्रेणी. घरात आनंद झाला, आजीने नजर उतरवली. त्याच आठवड्यात सहज विचारले, "बेटा, चारशे आठ रुपये चौघांना सारखे वाटले, तर एकेकाला किती?" तिने पटकन भागाकार मांडला आणि उत्तर लिहिले १२.

वही चाळली तेव्हा असली चूक तीन ठिकाणी दिसली. भागाकारात शून्य द्यायची वेळ आली की ती शून्य गाळते. तिन्ही ठिकाणी लाल फुली होती आणि पुढे नवा धडा.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकत असतानाच मूल कुठे अडते ते पाहून शिकवणे बदलणे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के भार, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५०, सातवी-आठवीत ४०. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिलेली. कागदावर यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. पण मुलांनी वर्ग भरलेला, त्यात प्रत्येकाच्या नोंदी. मग सत्र संपताना एका बैठकीत रकाने भरले जातात. प्रकल्पाचा तक्ता अनेकदा अम्मीच रंगवते, हेही कबूल करू या. अशा नोंदीतून श्रेणी निघते, शून्य कुठे गळाले ते निघत नाही.

आता मकतबचे दप्तर. मौलवीसाहेब रोज सबक ऐकतात. मुलीची 'बडी हे' आणि 'छोटी हे' एकसारखी निघत होती. त्यांनी श्रेणी दिली नाही. ओळीसमोर पेन्सिलीने खूण केली, आवाज हलकात कुठून काढायचा ते स्वतः काढून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच ऐकले. पाच दिवस तीच ओळ. हिफ्ज करणाऱ्या मुलांचे तर रोज तिहेरी असते: नवा सबक, अलीकडचे पाठ म्हणजे सबकी आणि जुने म्हणजे मंजिल. कच्चे राहिले की पुढचे पान नाही. (सगळीच मकतबे अशी नाहीत. छडी आणि अर्थावाचूनची घोकंपट्टी आम्हीही पाहिली आहे.)

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका माणसाने मशिदीत घाईने नमाज अदा केली. प्रेषित (स.) यांनी त्याला ती पुन्हा अदा करायला सांगितले, असे तीनदा झाले. याहून चांगली मला येत नाही, असे तो म्हणाला, तेव्हा तकबीरपासून सजद्यापर्यंत प्रत्येक टप्पा त्याला समजावला. 'नापास' असा शेरा देऊन त्याला घरी पाठवले नाही.

संशोधनही फार वेगळे सांगत नाही. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त सूचना, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त सूचना मिळालेल्यांत. गुण सोबत आले की सूचनेचा उपयोग उरला नाही. हे वाचून आम्हाला जरा ओशाळल्यासारखे झाले. मूल दारात आले की आमचाही पहिला प्रश्न "किती पडले?" हाच असतो.

आम्ही वर्गशिक्षिकेला भेटलो. तक्रार नको, वही दाखवू, असे ठरवून गेलो. बाईंनी तीन फुल्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ही चूक हिची एकटीची नसणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पाट्या काढायला लावल्या, एकच भागाकार दिला आणि पाट्या वर धरायला सांगितले. अर्ध्याअधिक पाट्यांवर शून्य नव्हते. त्या दिवशी नवा धडा थांबला. आधी अंदाज विचारला: चारशे आठचे चार वाटे केले, तर एक वाटा शंभरहून मोठा की लहान? मग १२ हे उत्तर मुलांनाच खटकले. या सगळ्याला खर्च म्हणाल तर खडूचा. हात वर करणाऱ्या चौघांनाच विचारले असते, तर बाकीच्यांचे कळलेच नसते.

घाई आम्हाला यासाठी, की पुढच्या वर्षी पाचवी. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात. आमच्या वस्तीत मागे राहिलेल्या मुलीची शाळा किती दिवस टिकते, हे वाचकांना सांगायला नको.

घरी आम्ही फ्रिजवर जुनी पाटी टांगली आहे. मगरिबनंतर एक भागाकार, फक्त एक. गुरुवारी ३२१ ला ३ ने भागून तिने १०७ बरोबर काढले. मग १२१२ ला ६ ने दिले. उत्तर आले २२. पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण केली आहे. उद्या तिथूनच.