द्रावकाला रजा

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने दोन पावडरी खलात घेतल्या आणि बत्त्याने घोटायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांत मिश्रण फिकट पिवळं झालं, मग नारिंगी, आणि पाऊण तासात गडद लाल. रेणू एकमेकांत गुंफले गेल्याची ही खूण. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून अतिसूक्ष्म छिद्रांचं कार्बनी जाळं तयार झालं. शास्त्रज्ञ त्याला ‘सीओएफ’ म्हणतात. तेच जाळं नेहमीच्या रीतीने करायचं तर द्रावक घालून, बंद काचनळीत, १२० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावं लागे.

रसशाळेतल्या वैद्यांना यात नवल वाटणार नाही. पारा आणि गंधक कोरडेच खलून ते कज्जली करतात, पाऱ्याची चमक पार जाईपर्यंत.

पण ही सगळी घर्षणाच्या उष्णतेची करामत असेल का? फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू कॅरी ली यांनी १८९० च्या दशकात याचं उत्तर शोधलं. सिल्व्हर क्लोराइड तापवलं तर नुसतं वितळतं; खलात जोराने रगडलं तर मात्र त्याचं विघटन होऊन चांदी सुटते. म्हणजे दाब आणि घसट यांचं काम उष्णतेपेक्षा वेगळं आहे. कण फुटतात, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि एरवी गप्प बसणारे घन पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करतात.

या जुन्या युक्तीला आज भाव आला तो द्रावकांमुळे. औषधांच्या एका बॅचमध्ये लागणाऱ्या मालाच्या वजनात ८० ते ९० टक्के वाटा द्रावकांचाच असतो. त्यातले बरेच पेटणारे, काही विषारी, आणि ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचे म्हटले की पुन्हा इंधन जाळा. हल्ली बत्त्याची जागा बॉल मिलने घेतली आहे: बंद डब्यात पोलादी गोळे आणि मोटरचा हिसका. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात हाजिमे इतो यांच्या गटाने हवेच्या नि पाण्याच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ग्रिन्यार संयुगंसुद्धा अशी उघड्या हवेत घडवली. त्यासाठी इथर लागला, पण अगदी थोडा.

अडचणी मात्र आहेतच. पुण्याच्या त्या घोटलेल्या जाळ्याचे थर सरकले होते, त्यामुळे त्याचं पृष्ठफळ बरंच कमी भरलं. २०१७ मध्ये याच गटाने मग कुंभाराची रीत धरली: टोल्युइन सल्फोनिक आम्ल आणि थोडं पाणी घालून मिश्रण मळलं, १७० अंशांवर मिनिटभर भाजलं. आता काही नमुन्यांचं पृष्ठफळ ग्रॅममागे ३,००० चौरस मीटरच्या पुढे गेलं. दुसरी अडचण म्हणजे तयार माल धुवावा लागतोच, आणि त्या धुण्यासाठी द्रावक मागच्या दाराने आत येतो. ‘हरित’ म्हणवणाऱ्या काही शोधनिबंधांत हा हिशेब जरा अंग चोरून मांडलेला असतो.

कारखान्यासाठी बॉल मिलपेक्षा जास्त आशा आहे ती ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरकडून. प्लास्टिक उद्योगात मुरलेलं हे यंत्र एका टोकाने पावडर घेतं आणि दुसऱ्या टोकाने पदार्थ सलग बाहेर ढकलतं. पुण्याची ती कणीकही त्यातून काढून पाहिली गेली आहे.